पॅरोल मंडळाच्या रिक्त जागेसाठी दिलेली साक्ष

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पॅरोल मंडळावर सात सदस्य असतात. गव्हर्नर त्यांना पाच वर्षांसाठी नेमतात. मात्र गव्हर्नर्स कौन्सिल या निवडून आलेल्या आठ जणांच्या मंडळाची संमती मिळाल्याशिवाय ती नेमणूक पक्की होत नाही. अशाच एका रिक्त जागेसाठी माझ्या ओळखीच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंचे नाव सुचवले गेले आणि त्यांनी मला आपल्या बाजूने साक्ष देण्याची विनंती केली. मी येथे समाजकार्याच्या क्षेत्रात नोकरी करते, त्यामुळे त्यांचे काम मी जवळून पाहिलेले होते.

महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे कैद्याला ठरावीक दिवसांपुरती मिळणारी रजा. येथे पॅरोलवर सुटलेला माणूस उरलेली शिक्षा देखरेखीखाली, पण तुरुंगाबाहेर राहून पूर्ण करतो. २०१२ च्या कायद्यापासून जन्मठेपेच्या कैद्याला सोडण्यासाठी मंडळाची दोन-तृतीयांश मते लागतात, म्हणजे सातांपैकी पाच, आणि नकार मिळाला तर पुढची सुनावणी पाच वर्षांपर्यंत लांबू शकते. शिवाय गुन्ह्याच्या वेळी १८ ते २० वर्षांच्या असलेल्या आरोपींना पॅरोलची शक्यताच नसलेली जन्मठेप देणे जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्यामुळे मंडळापुढची प्रकरणे वाढली. अशा वेळी एक जागा रिकामी राहणे ही निव्वळ प्रशासकीय गैरसोय आहे, असे मला तरी म्हणवत नाही.

उमेदवाराकडे पदवी आणि कायदा, पोलीस, तुरुंग प्रशासन, मानसशास्त्र, समाजकार्य अशा एखाद्या क्षेत्रातला किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, ही अट बाईंनी सहज पूर्ण केली होती. मला काय बोलायचे हे ठरवणे त्याहून अवघड गेले. पहिल्या मसुद्यात त्यांच्या स्वभावाचे कौतुकच फार झाले होते. ते त्यांनीच काढायला लावले, आणि त्याऐवजी एखाद्या माणसाच्या धोक्याचा अंदाज त्या कशाच्या आधारे बांधतात, हे सांगायला सांगितले.

सुनावणी बॉस्टनच्या स्टेट हाऊसमध्ये झाली. ती सर्वांसाठी खुली असते. आधी आम्ही समर्थक बोललो, नंतर विरोध करणारे, आणि शेवटी स्वतः उमेदवार. मला एका कौन्सिलरांनी विचारले की, या बाई कधी कोणाला 'नाही' म्हणतील का? प्रश्नामागे काय आहे ते खोलीतल्या सर्वांना ठाऊक होते: डिसेंबर २०१० मध्ये पॅरोलवर सुटलेल्या जन्मठेपेच्या एका कैद्याने वोबर्नमध्ये पोलीस अधिकाऱ्याचा खून केला आणि पुढच्याच महिन्यात मंडळाच्या पाच सदस्यांनी राजीनामे दिले. मी नाव न घेता एका प्रकरणाचा दाखला दिला, ज्यात कुटुंबाचा, वकिलाचा आणि माझाही आग्रह असताना बाईंनी प्रतिकूल अहवाल लिहिला होता. (त्या वेळी मला त्यांचा रागच आला होता, हेही सांगून टाकले.) विरोधकांमध्ये एका पीडित कुटुंबातील गृहस्थ होते, त्यांचे म्हणणे बाईंविरुद्ध नव्हते, मंडळावर पीडितांची बाजू समजणारे कोणी असावे एवढेच होते, आणि ते मला रास्त वाटले.

मतदान नंतरच्या बैठकीत झाले. एकमत झाले नाही, पण बहुमत मिळाले.