कोकणकड्यावर सूर्य बुडाल्यानंतर

पाचनईहून हरिश्चंद्रगड चढायला आपल्या चालीने तीनेक तास पुरतात. मंदिर आणि केदारेश्वराची गुहा बघून आम्ही उन्हं कलायच्या आत गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावर पोचलो. दिवाळी नुकतीच झाली होती, पावसाने हवा धुतलेली. तरी खाली कोकणात धुरकट थर होताच. या दिवसांत सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच त्या थरात शिरून तांबडा, मवाळ होतो. फोटोला ते बरंच असतं.

ट्रायपॉड लावला. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/२५० सेकंद. उजेडाचं मोजमाप आकाशावरून घेतलं, कड्यावरून नाही. कडा काळा पडला तर पडू दे, त्याची बाह्यरेषाच तर हवी असते. उलट आकाश एकदा पांढरं फटक झालं की रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येही) त्यातला रंग परत मिळत नाही. मोबाइलवाल्यांनी आकाशावर बोट टेकवून उजेड खाली ओढावा, तेवढ्याने निम्मं काम होतं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल ठरवणारी सेटिंग, मात्र ऑटोवर ठेवू नका. मावळतीचा तांबूसपणा कॅमेऱ्याला दोष वाटतो आणि तो इमानेइतबारे पुसून टाकतो. मी डेलाइटवर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर कायम करतो. ‘शेड’ (सावलीची) सेटिंग लावून आणखी पिवळं करणारे पुष्कळ आहेत. मला ते आकाश हळद लावल्यासारखं दिसतं.

टेकल्यापासून दोनेक मिनिटांत सूर्याचा गोळा नाहीसा झाला. टाळ्या, शिट्ट्या, सेल्फी, आणि कडा रिकामा! तंबूवाले मामा चहा घेऊन आले. “सूर्य तर गेला, आता काय काढताय दादा?”

खरं काम आताच सुरू होतं. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत उतरायला आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात उजेड भराभर घटतो. एफ आणि आयएसओ तेच ठेवून मी फक्त शटर लांबवत गेलो: आधी १/१५, मग अर्धा सेकंद, शेवटी चार सेकंद. मागे वळून पाहिलं तर तारामती शिखराच्या माथ्यावर गुलाबी पट्टा चढलेला. तो फार टिकत नाही, म्हणून पश्चिमेला लावलेला कॅमेरा काही मिनिटं खुशाल उलटा फिरवावा.

पश्चिमेला तळाशी केशरी रेघ उरली होती आणि वर गडद निळं. हा निळा दिवसाच्या निळ्याहून वेगळा. तिरप्या वाटेने येणाऱ्या उजेडातला केशरी-तांबडा भाग ओझोनचा थर गिळतो, म्हणून तो इतका खोल दिसतो. दरीतून वारा भणाणत वर येत होता. ट्रायपॉडला सॅक टांगली, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद केलं आणि बटणाला हात नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. पायथ्याशी बेलपाडा गावाचे दिवे लागले. आकाशाचा आणि त्या दिव्यांचा उजेड जुळतो ती दोन-चार मिनिटं साधली, तर कड्याची खोली फोटोत उतरते. पुढे दिवे नुसते टिपके होतात.

त्यानंतर ताऱ्यांसाठी एफ २.८, आयएसओ ३२००, वीस सेकंद असा बेत होता. पण शनिवार होता. तंबूतंबूंवर एलईडीच्या माळा झगमगत होत्या आणि कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी. तारे हवे असतील तर मधल्या वारी आणि अमावास्येच्या आसपास या, आणि तंबू कड्यापासून जरा लांबचा घ्या.