पिंपाशिवायचा सेंट बर्नार्ड

कुत्र्याची एखादी जात आवडली की लोक तिचा रंग, केस आणि किंमत विचारतात. हा कुत्रा मुळात काय काम करायचा, हे क्वचितच कोणी विचारतं. मला नेमकी तीच खोड आहे. रॉटवाइलर दक्षिण जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा आणि गुरांच्या व्यापाऱ्यांचा. गुरं हाकणं आणि मांसाच्या हातगाड्या ओढणं हे त्याचं काम. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात उड्या मारून जाळी आणि निसटलेले मासे गोळा करायचे. डॅशहुंडचे आखूड पाय बिळात शिरण्यासाठी. पण जात, जागा आणि काम तिन्ही एकाच ठिकाणी बघायचं, तर स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या ग्रेट सेंट बर्नार्डच्या खिंडीला तोड नाही. भाचा लोझानला नोकरीला आहे, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता. जुलैतल्या एका शनिवारी आम्ही निघालो.

मार्तिनीपर्यंत मोठी गाडी, तिथून डोंगरात शिरणारी छोटी गाडी ओर्सिएरपर्यंत आणि पुढे बस. खाली जर्दाळूच्या बागा आणि चाळीस मिनिटांनी नुसता दगड. वाटेत बूर्ग-सें-पिएर लागतं. मे १८०० मध्ये नेपोलियन सुमारे चाळीस हजारांची फौज घेऊन याच वाटेने इटलीत उतरला. गावकऱ्यांची माणसं, खेचरं, लाकूड सगळं वापरलं आणि भरपाईचं लेखी वचन देऊन गेला. गावाने ते कागद जपून ठेवले. प्रतीकात्मक परतफेड झाली ती थेट १९८४ साली, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांच्या हातून. भाचा म्हणाला, "मावशी, आपल्याकडची पीकविम्याची फाइल लवकर हलते मग."

खिंड २,४६९ मीटरवर आहे. बसमधून उतरलो तेव्हा ऊन होतं, तरी दातावर दात आपटत होते. समोर काळंभोर तळं, पलीकडच्या काठाला इटली. सावलीच्या घळींत मळकट बर्फ अजून शिल्लक होता. आणि रस्त्याला लागून सेंट बर्नार्डचा मठ, उंच, सरळसोट, खिडक्या छोट्या. सौंदर्याचा विचार करून बांधलेली ही इमारत नव्हेच. अकराव्या शतकाच्या मध्याला, साधारण १०५० च्या सुमारास, आओस्ताच्या बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने ती उभारली. वाटसरूंना लुटारूंपासून आणि बर्फापासून आसरा मिळावा, एवढाच हेतू. आपल्या घाटमाथ्यावरच्या धर्मशाळेसारखीच ही सोय, फक्त इथे हिवाळ्यात पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत बर्फ चढतो. दार आजही वर्षभर उघडं असतं. आत गेल्यावर चहा मिळाला, तोही कपात नाही, मोठ्या वाडग्यात. मी दोन्ही हातांनी वाडगा धरून बराच वेळ नुसती शेकत बसले.

आता कुत्र्यांकडे येते.

मठात कुत्रे आले ते सतराव्या शतकात, १६६० ते १६७० च्या आसपास. दरीतल्या शेतांवर असतात तसे दणकट राखणदार कुत्रे. काम राखणीचं. जीव वाचवणं वगैरे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नसावं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींत कुत्र्याचा उल्लेख सापडतो तो चक्क स्वयंपाकघरात! मांस भाजायची सळई फिरवण्यासाठी एका पाद्र्याने चाक बनवलं होतं आणि त्या चाकात कुत्र्याला चालायला लावायचे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बचाव-कुत्र्याची पूर्वपीठिका म्हणजे आचाऱ्याचा मदतनीस, हे वाचून मला फार बरं वाटलं.

बर्फातलं काम हळूहळू गळ्यात पडलं. मठाने वाटाडे ठेवलेले असत. ते पहाटे खालच्या गावापर्यंत जात आणि प्रवाशांना सोबत करून वर आणत. कुत्रे त्यांच्याबरोबर जाऊ लागले आणि दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे रुंद छातीचा हा प्राणी ताज्या बर्फातून पुढे गेला की मागे आपोआप वाट पडते. दुसरी जास्त मोलाची: धुक्यात, हिमवादळात माणसाला हाताएवढ्या अंतरावरचं दिसत नाही तेव्हाही कुत्र्याला मठाची दिशा बरोबर कळते आणि बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा वास लागतो. सापडलेल्या माणसाशेजारी तो अंग टाकून झोपायचा, तोंड चाटायचा, त्याची ऊबच औषध. साधारण दोनशे वर्षांत दोनेक हजार माणसं अशी वाचली, असं सांगितलं जातं. जी वाचली नाहीत त्यांना पुरायला माती कुठे होती? त्यांच्यासाठी मठाशेजारी एक दगडी खोली होती. आता ती भिंत घालून बंद केली आहे.

बर्फातल्या माणसाला पाजायला या कुत्र्यांच्या गळ्यात ब्रँडीचं पिंप असायचं, असं सांगतात. ते मात्र झूठ. खिंडीवरच्या दुकानांत पिंपवाल्या कापडी कुत्र्यांचे ढीग आहेत, पण मठाच्या कुत्र्यांनी कामावर असं काही वागवल्याची नोंद नाही. ही करामत एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराची. १८२० मध्ये, सतरा-अठरा वर्षांचा असताना, त्याने बर्फात सापडलेला प्रवासी आणि दोन कुत्रे रंगवले आणि एकाच्या गळ्यात पिंप अडकवलं. चित्राच्या छापील प्रती घरोघरी गेल्या आणि पिंप चिकटलं ते चिकटलंच. गारठलेल्या माणसाला दारू पाजली तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि अंगातली उरलीसुरली ऊब बाहेर जाते. म्हणजे ते पिंप खरं असतं, तर वाचलेल्यांचा आकडा कमीच झाला असता! चित्रकारांनी या खिंडीचं काहीतरी वाकडं धरलंय. फ्रेंच चित्रकार दाविदने इथेच नेपोलियनला उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर बसवलं. प्रत्यक्षात तो खेचरावरून, स्थानिक वाटाड्याच्या भरवशावर, मुकाट चढला होता.

मठासमोरच्या कुत्र्यांच्या घरात गेलो. दुपारी तिथले लोक त्यांना फिरायला काढतात, पैसे भरून आपल्यालाही बरोबर जाता येतं. माझ्या वाट्याला आलेल्या कुत्रीचं डोकं माझ्या कमरेला लागत होतं. पंजा तळहाताएवढा. ओठांच्या कडेने लाळेची तार लोंबत होती, तिने मान झटकली आणि माझ्या स्वेटरवर पट्टा उमटला. तळ्याकाठच्या सपाट पायवाटेवर ती झोकात चालली. जरा चढ लागला तशी थांबली, धापा टाकायला लागली आणि उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर फतकल मारून बसली. मला वाटलं दमली असेल. सांभाळणारी मुलगी हसून म्हणाली, हिला उकडतंय. मी अंगात दोन स्वेटर घालून उभी!

हे एवढं वजन या जातीचं मूळचं नाही. १८१६ ते १८१८ चे हिवाळे वाईट गेले, बरेच कुत्रे हिमप्रपातात मेले. पुढे १८३० च्या सुमारास मठाने न्यूफाउंडलंड कुत्र्यांशी संकर केला. लांब केसांनी ऊब मिळेल असा हिशेब होता. झालं उलटं. त्या केसांत बर्फाचे गोळे गोठायचे आणि कुत्रा जड होऊन खचायचा. मठाने लांब केसांची पिल्लं दरीतल्या लोकांना देऊन टाकली. आणि लोकांना, विशेषतः इंग्लंडात, तीच आवडली! तिथे मास्टिफशी संकर होऊन कुत्रा आणखी भरला. बर्नजवळच्या हाइनरिश शूमाखरने आखूड केसांची जुनी धाटणी टिकवली आणि पिल्लं मठालाही दिली. १८८७ मध्ये झुरिचला जातीचं प्रमाण ठरलं, पण तोवर खिंडीतलं कामच ओसरत चाललं होतं. १९६४ मध्ये डोंगराखालून बोगदा झाला आणि वाहतूक पोटातून जायला लागली. आज बचावपथकं हेलिकॉप्टरने जातात आणि त्यात चढवायला हलके कुत्रे लागतात. सत्तर-ऐंशी किलोचं हे धूड चढवणार कोण? पाद्र्यांची संख्याही घटली. २००५ पासून कुत्र्यांची पैदास आणि देखभाल बॅरी फाउंडेशन बघतं. हिवाळ्यात कुत्रे मार्तिनीला असतात, उन्हाळ्यात काही वर येतात. वृद्धाश्रमांत, रुग्णांकडे त्यांना भेटीला नेतात. या कामाला ते मठात होते तेव्हापासूनच लायक असावेत. मुंबई-पुण्यात बाराही महिने एसीत बसवण्यापेक्षा तर हे शंभर पटींनी बरं.

ज्याच्या नावाने फाउंडेशन आहे तो मठाचा बचाव-कुत्रा बॅरी, आता पेंढा भरून काचेमागे ठेवलेला, बघायला दुसऱ्या दिवशी बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात गेलो. जन्म १८०० चा. चाळीसेक माणसं वाचवल्याची ख्याती. पॅरिसजवळच्या आनिएर इथल्या प्राण्यांच्या स्मशानात त्याच्या स्मारकावर लिहिलंय की चाळिसांना वाचवलं आणि एकेचाळिसाव्याने मारलं. तसं काही झालं नाही. म्हातारपणी, १८१२ मध्ये, त्याला बर्नला आणलं आणि १८१४ मध्ये तो आपल्या मरणाने मेला.

जिवंतपणी त्याचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असावं, म्हणजे माझ्या कालच्या मैत्रिणीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. काचेमागचा बॅरी तेवढाच आटोपशीर दिसतो, पण डोकं जरा थोराड वाटतं. त्याचं कारण आहे. आधी तो मान खाली घातलेल्या पवित्र्यात भरलेला होता. कातडं विरल्यावर १९२३ मध्ये त्याची पुन्हा बांधणी झाली. तेव्हा मान ताठ केली आणि कवटीचा आकार बदलून त्या काळच्या सेंट बर्नार्डसारखा केला. भाचा बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता. म्हणाला, "म्हणजे याला याच्याच नातवंडांसारखा करून ठेवलाय."

जाणार असाल तर दोन गोष्टी. खिंडीचा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडा असतो, हिवाळ्यात बर्फावरून चालत किंवा स्कीवरूनच मठ गाठावा लागतो. आणि नकाशात "ग्रेट" हा शब्द टाकायला विसरू नका. लिटल सेंट बर्नार्डची खिंड फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये आहे, सान बेर्नार्दिनो पार स्वित्झर्लंडच्या दुसऱ्या टोकाला.