नियम शिथिल झाले त्या रात्री

पुण्यात बसून अमेरिकेतल्या टँकरच्या फेऱ्या आखणे हे माझे काम आहे. तिकडची दुपार ही आमची मध्यरात्र असते, आणि पडद्यावर प्रत्येक चालकाचे घड्याळ चालू असते: 11 तासांपर्यंत गाडी चालवणे, आणि कामावर आल्यापासून 14 तासांनंतर चाक न हलवणे. फेब्रुवारी 2021 मध्ये कॅन्सस ते आयोवा हा सगळा पट्टा उणे 25 अंशांच्या आसपास गारठला, तेव्हा केंद्रीय वाहतूक-सुरक्षा खात्याने अनेक राज्यांत आणीबाणी जाहीर करून इंधनाच्या मदतफेऱ्यांपुरती ही घड्याळे सैल केली. ते आवश्यकच होते. नुकतेच दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांना गोठ्यात 28 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि तिथल्या बहुतेक गोठ्यांतले हीटर प्रोपेन या इंधनवायूवर चालतात. प्रोपेन संपले तर पिले फार काळ तग धरत नाहीत.

खराब हवामानासाठी दोन तासांची सवलत एरवीही आहे, पण ती निघण्यापूर्वी कल्पना नसलेल्या हवामानापुरतीच. ज्या थंडीचा इशारा आठवडाभर दिला जात होता, तिला ती लागू होत नाही. शेतमालाच्या वाहतुकीला 150 हवाई मैलांच्या, म्हणजे सरळ रेषेत मोजलेल्या मैलांच्या, आत मिळणारी मोकळीकही उपयोगाची नव्हती, कारण आमचे चालक कॅन्ससमधल्या कॉनवेच्या प्रोपेन-साठ्यापासून वायव्य आयोवापर्यंत जात होते.

त्या दिवशी आमचा एक चालक पहाटे चारला टर्मिनलवर, म्हणजे टँकरमध्ये प्रोपेन भरण्याच्या तळावर, भरणा-रांगेत लागला आणि दुपारी दोनला गाडी भरून बाहेर पडला. दहा तास रांगेतच गेले. बाहेरच्यांना वाटते की रांगेत झोप काढता येते. पण दर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी पुढे घ्यावी लागते, त्यामुळे तो वेळ विश्रांती म्हणून लॉगमध्ये, म्हणजे चालकाच्या तासांच्या नोंदीत, लिहिता येत नाही आणि शरीरालाही ती विश्रांती मिळत नाही. आदेशाने चालकाचे तास वाढवले, पण हे तास खाणाऱ्या टर्मिनलला एक जादा भरणा-पंप सुरू करायलाही सांगितले नाही, याचा मला आजही राग आहे.

बर्फातून पाच तास चालवून तो नेब्रास्कातल्या लिंकनजवळ पोहोचला तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते. अजून चार तासांचा रस्ता बाकी होता आणि कायद्याने चालक पुढे जायला मोकळा होता. चालक स्वतःहून थकल्याचे म्हणाला, तर त्याला सलग दहा तास विश्रांती द्यावीच लागते. हा मात्र ठणठणीत असल्याचे सांगत होता, कारण ज्याच्या गोठ्यांसाठी हे प्रोपेन जात होते, त्या शेतकऱ्याला तो ओळखत होता. पण एकाच वळणरस्त्याबद्दल त्याने मला पाच मिनिटांत दोनदा विचारले, आणि दुसऱ्यांदा विचारताना पहिल्यांदा विचारल्याचे त्याला आठवत नव्हते. त्याच्या मागे नऊ हजार गॅलन प्रोपेन होते. शेजारची सहकारी म्हणाली, “अगं, सरकारनेच सोडलंय, तर तू का अडवतेस?” आमच्या कामातली निम्मी माणसे नियम हाच विवेक समजतात, आणि नियम उठला की त्यांच्या लेखी विवेकही संपतो.

मी आधी आयोवातल्या वितरकाला फोन केला. मोठा टँकर शेतावर जात नाही. तो वितरकाच्या टाकीत रिकामा होतो आणि तिथून छोटी गाडी गोठ्यांपर्यंत जाते. छोट्या गाडीचा चालक रात्री थांबायला तयार होता. शेतावरच्या टाकीत मात्र सकाळपर्यंत जेमतेम पुरेल इतका साठा असल्याचे त्यांनी सांगितले. ‘जेमतेम’ म्हणजे किती, हे त्यांनाही सांगता येईना. मी चालकाला थांबवले आणि लॉगमध्ये थकवा हेच कारण नोंदवले. तो रागावला, वितरक त्याहून जास्त. मग दिवसपाळीच्या मुलाला, चालकाला तिकडच्या पहाटे पाचच्या आधी कुणीही सांगितले तरी हलवायचे नाही, असे बजावून मी घरी गेले.

तिकडच्या सकाळी नऊ वाजता टाकी भरली. पहाटे शेतकऱ्याने एका गोठ्यातले हीटर बंद करून तिथली पिले दुसऱ्या गोठ्यात दाटीवाटीने हलवली होती, आणि त्यांतली काही दगावली. थंडीने दगावली, दाटीने दगावली की ती आधीपासूनच कमजोर होती, हे मी दोनदा विचारले. वितरकाने उत्तर दिले नाही. चालक अकराला पोहोचला असता, तर ती वाचली असती, हे मला नाकारता येत नाही. तो पोहोचला असताच, हेही मी मानायला तयार नाही. पुढच्या फेरीत त्याने माझ्याशी गाडीच्या नंबरापलीकडे एक शब्दही काढला नाही.