आमची वाटचाल : धुळ्याचं ऊन आणि परदेशातल्या नर्सऱ्या

१९९८ साली दादांनी साक्री रोडच्या वावरात, विहिरीपाशी, अर्ध्या एकरावर शेडनेट टाकलं. कापूस सोडून फुलझाडं कोण घेतं, असं भाऊबंद विचारायचे. घेणारे होते. अडचण वेगळीच होती. माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकने यायचा. गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेली क्रोटन, इक्झोरा, एरिका पाम, सगळी गुटगुटीत. मार्चपर्यंत नवरदेवासारखी दिसायची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की पानं पापडासारखी करपायची. मग गिऱ्हाईक रिकामी कुंडी घेऊन हजर : ‘भाऊ, तुमचं झाड मेलं.’ जोर ‘तुमचं’वर.

दहा-बारा वर्षं आम्ही दोष पाण्याला, मातीला आणि गिऱ्हाइकाला दिला.

२०१२मध्ये मी बँकॉकला गेलो, तोही टूरमधून. मंडळी खरेदीला गेली आणि मी चतुचकची वाट धरली. लोकांना तिथला शनिवार-रविवारचा बाजार माहीत असतो. झाडांचा बाजार बुधवार-गुरुवारी भरतो, आणि तो पाहायला पाय भक्कम लागतात. तिथल्याच एका विक्रेत्याने कागदावर नकाशा काढून दिला. दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून नाखोन नायोककडच्या ‘ख्लोंग १५’ला पोचलो. कालव्याच्या काठाने नर्सरीला लागून नर्सरी. आपल्याकडे रावेरला केळीला लागून केळी दिसते, तसं.

अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचं ‘डेझर्ट रोझ’, आमच्याकडे आधीपासून होतं, पण मागच्या कोपऱ्यात, दोन रंगांत. तिथे एकेका शेडमध्ये हजारो. थाई लोक त्याला ‘चुआन चोम’ म्हणतात. चला, बघा तरी, असा काहीसा त्याचा अर्थ. एक बाई पाटावर बसून पाचर कलम करत होती. बियांपासून आलेला, मुळ्यासारखा फुगीर बुंधा खुंट म्हणून घ्यायचा, शेंडा आडवा छाटायचा, मधोमध चीर, त्यात दोन बोटांची फांदी पाचरीसारखी तासून बसवायची, वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. प्रत्येक कापानंतर ती पातं पुसायची. या झाडाचा चीक विषारी असतो, आफ्रिकेत बाणांना लावायचे. शिवाय न पुसलेलं पातं कूज एका झाडावरून दुसऱ्यावर नेतं. शेजारी शिंगांच्या जोडीसारख्या शेंगा दोऱ्याने गुंडाळलेल्या. अडेनियमच्या बीला दोन्ही टोकांना कापसासारखे झुपके असतात. शेंग उकलली की बी वाऱ्यावर. आमच्या शेंगा दर वर्षी अशाच उडून जायच्या, आणि आम्ही म्हणायचो की बी धरतच नाही.

हरखून जाऊन साठ कलमं घेतली, मुळं धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून. विमानतळावर सगळी जप्त झाली. आयातीचा परवाना आधी काढावा लागतो आणि निघताना त्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला सोबत घ्यावा लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, होती ती फक्त हौस. राग आला होता, पण चूक आमचीच. बागेत परदेशी कीड घुसली तर काय होतं, हे नर्सरीवाल्याने दुसऱ्याकडून ऐकायची गरज नसावी. पाचर कलम मात्र कोणी जप्त करू शकलं नाही. त्याच पावसाळ्यात गावठी खुंटावर दोनशे बांधली. एकशे दहा लागली. पुढच्या वर्षी पातं पुसायला माणूस वेगळा बसवला आणि आकडा सुधारला. आज आमची निम्मी कमाई अडेनियमची आहे.

मुलगी नोकरीसाठी लंडनला गेली, म्हणून २०१९मध्ये इंग्लंड झालं. तिथल्या क्यू या वनस्पती-उद्यानात गेलो. १९८७ला उघडलेल्या त्यांच्या एका काचघरात एका छताखाली दहा प्रकारचं हवामान राखतात. निवडुंगाच्या दालनात ऊब तयार करायला यंत्रं चाललेली. बायको म्हणाली, ‘आपल्याकडे फुकट मिळतं त्याचं हे बिल भरतात.’ पाम हाउसमध्ये दक्षिण आफ्रिकेहून १७७५ला आणलेलं एक सायकॅड, पामसारखं दिसणारं झाड, अजून कुंडीत जिवंत आहे. ‘कुंडीत किती वर्षं टिकेल?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आता त्याचंच उदाहरण देतो.

पण मला जायचं होतं तिथल्या नावाजलेल्या बागकार बेथ चॅटो यांच्या बागेत. लंडनहून रेल्वेने कोल्चेस्टर, पुढे टॅक्सीने एल्मस्टेड मार्केट. एसेक्समध्ये वर्षाला पाचेकशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे धुळ्याहूनही कमी. तिथे बाईंनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या लावायच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली आणि लावणी झाल्यावर तिला पाणी घातलेलंच नाही. त्यांच्या नर्सरीत झाडं मांडलेली होती ती कोरड्या जागेची, ओलीची, सावलीची अशी. मी बराच वेळ तिथे नुसता उभा होतो. आमच्याकडे मांडणी किमतीनुसार.

परतल्यावर फाटकापाशी तसाच वाफा केला. दणकून फसला. त्यांचा पाऊस वर्षभर थोडा थोडा. आपला चार महिन्यांत, नंतर भेगा. जुलैत काळ्या मातीचा चिखल झाला आणि चार ब्रास खडी त्यात बुडाली. मुलीने पाठवलेल्या बियांचं लॅव्हेंडर ऑगस्टातच सडलं. दुसऱ्या वर्षी खाली दीड फूट मुरूम भरून वाफा उंच केला, वर खडी, आणि झाडं लावली ती बांधावरची : तरवड, करवंद, सदाफुली, रुई, चाफा. पहिल्या वर्षी आठवड्याला एकदा पाणी, पुढे बंद. रुई मीच काढली; फार पसरते.

मायने वाफा पाहिला, कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘तरवड देखाले इमानमा गया का रे?’

उत्तर नव्हतं. मे महिन्यात मात्र तो एकच वाफा हिरवा होता, आणि गिऱ्हाइकं गाडी थांबवून विचारायला लागली. आता आमच्या पाट्याही बदलल्यात : ‘पश्चिमेचं ऊन’, ‘बोअरचं खारं पाणी’, ‘गॅलरीतली सावली’, ‘आठवडाभर गावाला जाणारे’. शेवटच्या पाटीखाली सगळ्यात जास्त खप आहे. कडियमचा ट्रक अजून येतो, पण जूननंतर, आणि घेणाऱ्याला आधी विचारतो की कुंडी कुठे ठेवणार.

तरवडाची पहिली चाळीस रोपं गेल्या पावसाळ्यात विकली गेली. यंदा दोनशे पिशव्या भरल्यात. बियांचं टरफल कडक असतं, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात ठेवतो. शेंगा माय स्वतः बांधावरून खुडून आणते, आणि दर वेळी विमानाची आठवण काढते.