केमोत केस राखायचे तर मशीनची वेळ आधी पक्की करा

केमोत केस टिकावेत म्हणून घालतात त्या थंड टोपीचा गारवा सोसता येतो. मशीनच्या बुकिंगसाठी जी पायपीट झाली, तिचा राग मात्र अजून उतरलेला नाही.

स्तनाच्या कर्करोगासाठी मला दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध होतं. डॉक्टरांनी स्काल्प कूलिंग सुचवलं. मशीनला जोडलेल्या सिलिकॉनच्या टोपीतून थंड द्रव फिरतो, टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि केसांच्या मुळांपर्यंत औषध कमी पोहोचतं. टाटा मेमोरियलमधल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. टोपी वापरलेल्या निम्म्याहून अधिक जणींचे केस टिकले, न वापरलेल्यांपैकी एकीचेही नाहीत. मी लगेच हो म्हटलं. आजाराची बातमी कोणाला कधी सांगायची, हे मला स्वतः ठरवायचं होतं. (रक्ताच्या कर्करोगात ही टोपी देत नाहीत. अँथ्रासायक्लिन गटाच्या केमो औषधांसोबत यश कमी मिळतं, हेही विचारून घ्या.)

सुरुवात सुरळीत झाली. मग एकदा सीबीसीत, म्हणजे रक्ततपासणीत, पांढऱ्या पेशी कमी आल्या आणि केमो आठवडाभर पुढे गेली. असं होतं, याची कल्पना होती. पण डे-केअरच्या, म्हणजे केमो देतात त्या विभागाच्या, संगणकावर केमोची तारीख सरकली, मशीनची सरकली नाही. मशीन एकच, त्याचं बुकिंग बिलिंग काउंटरवर, आणि नव्या तारखेला ते दुसऱ्या पेशंटच्या नावावर.

"मॅडम, जुनं बुकिंग रद्द. नवीन फॉर्म, डॉक्टरांची सही आणि डिपॉझिट पुन्हा भरा."

सहीसाठी ओपीडीची रांग. सही आणली तर डे-केअरचा शिक्का हवा. डे-केअरमध्ये विचारलं तर शिक्का बिलिंगचा लागतो म्हणे. पेशी कमी असताना गर्दीत थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि मी मास्क लावून दोन काउंटरांच्या मध्ये उभी. माझ्या जाऊबाई भांडून भांडून थकल्या. वर काउंटरवरचा माणूस विचारतो, "एक वेळ टोपी नाही घातली तर काय बिघडतं?" बिघडतं हे, की तोवर सोसलेला सगळा गारवा वाया जाऊ शकतो. ज्याच्या हातात बुकिंग दिलंय, त्याला एवढं तरी माहीत हवं.

शेवटी डे-केअरच्या सिस्टरनी वाट काढली. "ताई, त्या पेशंटची केमो सकाळची आहे. तुम्ही दुपारी या, मशीन मोकळं असेल." काउंटरच्या रजिस्टरमध्ये फक्त तारखेचा रकाना होता, वेळेचा नव्हताच! म्हणून सांगते, बुकिंग करताना वेळ लिहून घ्या आणि पुढच्या आठवड्याची राखीव तारीखही मागा.

टोपी औषधाच्या अर्धा तास आधी सुरू होते, आणि औषध संपल्यावरही चालू राहते. किती वेळ ते औषधावर ठरतं, मला दीड तास सांगितला होता. पहिली दहा-पंधरा मिनिटं कपाळ ठणकतं, मग बधिर होतं. पॅरासिटामॉल आधी घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा. ब्लँकेट घरून न्या. टोपी माथ्यावर घट्ट बसली पाहिजे. जिथे फट राहते तिथले केस जास्त जातात. सैल वाटली तर संकोच न करता पुन्हा बसवायला लावा.

हो, आणि केस ओले करून कंडिशनर लावतात, त्यामुळे खांद्यावर टॉवेल लागतो. घरी रुंद दातांचा कंगवा वापरा. डाय आणि ड्रायर बंद. माझे माथ्यावरचे केस विरळ झाले, पण वेणी घालता येते आणि मला त्याचा अभिमान आहे.

डिपॉझिटची पावती जपून ठेवा. रद्द झालेल्या बुकिंगचे पैसे मला ती दाखवल्यावरच परत मिळाले.