दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी रक्त जातंच होतं

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला शीतून रक्त जायला लागलं. विटकरी लाल, आणि भरपूर. पोट मात्र जराही दुखत नव्हतं. सिडकोतल्या आमच्या शेजारणी म्हणाल्या, उष्णता असेल, सब्जा द्या. पण पोर पांढरंफटक पडलं होतं. हिमोग्लोबिन साडेसहा आलं आणि त्याच रात्री रक्त चढवावं लागलं.

भूल देऊन आधी तोंडातून दुर्बीण घातली, मग खालून. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. नातेवाइकांना हायसं वाटलं, माझी धास्ती मात्र वाढली, कारण रक्त थांबलं नव्हतं. लहान मुलांच्या सर्जननी कागदावर आतडं काढून दाखवलं. वरची दुर्बीण जठराच्या जरा पुढे जाऊन थांबते, खालची मोठं आतडं संपतं तिथवर. मधलं लांबलचक लहान आतडं बघायचं राहूनच जातं. असे रिपोर्ट हातात असतील, तर मधल्या आतड्याचं काय, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

त्यांना संशय होता मेकेल्स डायव्हर्टिक्युलमचा. गर्भात आतडं आणि नाळ यांना जोडणारी एक नळी असते, ती जन्माच्या खूप आधी विरून जाते. साधारण १०० पैकी २ जणांत तिचा तुकडा लहान आतड्यावर पिशवीसारखा उरतो. बहुतेकांना त्याचा जन्मभर त्रास होत नाही. काहींच्या पिशवीत मात्र जठराचं अस्तर असतं. ते तिथेही आम्ल सोडतं. शेजारच्या आतड्याला ते सोसत नाही, जखम होते आणि रक्त वाहतं.

तपासणी सोपी निघाली. अ‍ॅसिड कमी करणारं औषध आधी दिलं, उपाशी ठेवलं आणि शिरेतून टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन दिलं. जठराचं अस्तर ते ओढून घेतं, मग ते कुठेही असो. कॅमेऱ्याखाली पोराला निजवून मी गोष्टी सांगत राहिले. स्क्रीनवर जठर उजळलं, आणि त्याच सुमारास खाली उजवीकडे एक ठिपका. अंगात ते किरणोत्सारी द्रव्य असल्याने त्या दिवशी गरोदर जावेला त्याच्यापासून लांब ठेवायला सांगितलं होतं.

बेंबीजवळून दुर्बिणीने ऑपरेशन झालं. पिशवी आणि लगतचं जखमी आतडं काढून टोकं जोडली. बायोप्सीत जठराचंच अस्तर निघालं. नंतर लोहाच्या सिरपने शी काळी व्हायची. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, म्हणून धीर सुटला नाही.