ज्या मेसेजवर गाव नाही आणि तारीख नाही

समाजमाध्यमांनी समाजाचं भलं जास्त केलं की नुकसान, हा प्रश्न आम्हाला पालक विचारतात, शिक्षक विचारतात, ग्रामपंचायतीचे सदस्यही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो. आपल्याकडे, व्हॉट्सॲपपुरतं बोलायचं तर, आज नुकसान जास्त आहे. पण ज्या कारणानं ते होतं, ते बरंचसं आपल्या हातातलं आहे. गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव यांपैकी काहीही नसलेला मेसेज आपण पुढे पाठवतो, हे ते कारण.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा देशभर फिरत होत्या. सोबत एक व्हिडिओही फिरत होता: मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी बनवलेला होता. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढा भाग कापला. उरलेल्या तुकड्याला गाव उरलं नाही, म्हणून तो कुठल्याही गावाचा झाला. ‘आपल्याच तालुक्यातली घटना’ एवढी एक ओळ जोडली की पुरे.

त्यानंतर व्हॉट्सॲप कंपनीनं काही बदल केले आणि त्यांचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. अनेकदा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसू लागला आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. त्यामुळे अशा मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनंच सांगितलं. मात्र तेव्हा ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ जण असत, आता १,०२४ असू शकतात. शिवाय बाण घालवणं फार सोपं आहे. मजकूर कॉपी करून नवीन मेसेज म्हणून टाकला किंवा फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवला, की मेसेज कोरा दिसतो. म्हणून बाण नसला तरी मेसेज ताजा आहे असं समजू नका.

तपासायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो. व्हिडिओ आधी आवाज बंद करून पाहा, कारण बहुतेक वेळा चित्र खरं असतं आणि आवाज किंवा मजकूर वरून चिकटवलेला असतो. दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश, चालक गाडीत कुठल्या बाजूला बसलाय, हे बघा. मग दृश्य बदलतं तिथं तिथं थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या, त्यांवरचा मजकूर आणि लोगो क्रॉप करा आणि एकेक चित्र गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगलच्या सोयीत, शोधा. एकच चित्र शोधून थांबू नका. पुष्कळदा व्हिडिओ उलटा केलेला असतो, डावीकडचं उजवीकडे, आणि मग शोध फसतो. अशा वेळी चित्र पुन्हा उलटं करून शोधा. तेच चित्र जुन्या तारखेला दुसऱ्या ठिकाणच्या बातमीत सापडलं, तर तुमचं काम झालं. पण काहीच सापडलं नाही म्हणजे ते खरं, असं नाही. एआयनं बनवलेल्या चित्राला जुना उगम नसतोच. तिथे एकच उपाय उरतो: ज्या गावाचं नाव घेतलंय तिथल्या पोलिस ठाण्याला फोन लावायचा. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा, म्हणजे पीआयबीचा, फॅक्ट चेक विभाग फक्त केंद्र सरकारशी संबंधित गोष्टी तपासतो, गावातल्या अफवेसाठी त्याची वाट पाहू नका. आणि कुठे जमाव जमलाच असेल, तर तपासत बसू नका, ११२ ला फोन करा.

ग्रुप ॲडमिनला २०२२ पासून कुठल्याही सदस्याचा मेसेज सर्वांसाठी काढता येतो. तो जरूर काढावा, पण तेवढ्यानं भागत नाही. तोवर जो पुढे गेला, तो गेलेलाच असतो. त्याच ग्रुपमध्ये खुलासा टाकावा लागतो. खुलाशात मूळ फोटो तसाच टाकलात तर तोच पुन्हा पसरतो, म्हणून त्यावर आडवं, मोठ्या लाल अक्षरांत ‘खोटे’ लिहून मगच टाका. साक्रीसारख्या भागात लेखी खुलासा अनेकांपर्यंत पोचत नाही. तिथे अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट करा, अहिराणीत किंवा तिथल्या बोलीत, आणि बोलणाऱ्यानं सुरुवातीलाच आपलं नाव, गाव आणि तारीख सांगावी. अफवा फार तापली तर थोडा वेळ ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लावा. इंटरनेटच बंद करण्याच्या उपायावर आमचा फारसा विश्वास नाही. अफवा साध्या फोनवरूनही फिरते. अडकतो तो खुलासा.

सदस्यानं टाकलेल्या मेसेजसाठी आपल्याला अटक होईल, या भीतीनं ॲडमिन गप्प बसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, त्याचा त्यात सहभाग किंवा समान हेतू दिसावा लागतो. तेव्हा भीती सोडून बोला.

फेसबुकचं गणित निराळं. तिथे काय वर दिसेल ते कंपनीचं सूत्र ठरवतं, आणि २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. चिडवणारी पोस्ट वर येणारच. ते दुरुस्त करणं तुमच्याआमच्या हातात नाही, त्यासाठी कायदाच लागेल.

आता भलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, ऑक्सिजन आणि खाटांच्या याद्या समाजमाध्यमांवरूनच फिरल्या आणि त्यांनी जीव वाचवले. पण ज्या यादीवर कधी तपासली ते लिहिलेलं नव्हतं, तिच्यातले नंबर लावता लावता नातेवाइकांचे मोलाचे तास गेले. चांगल्या मेसेजचाही घात तारीख नसल्यानंच होतो. सापडलेल्या मुलाचा ‘हरवला आहे’ हा फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो. म्हणून रक्त हवं असेल तर रक्तगट, रुग्णालय आणि शहर, किती पिशव्या, कुठल्या तारखेला किती वाजेपर्यंत, आणि नातेवाइकाचा नंबर, एवढं सगळं लिहा. रक्त मिळालं की त्याच सगळ्या ग्रुपांत तारीख घालून ‘गरज संपली’ असा दुसरा मेसेज पाठवा.